वैशाखात तडकलेलं टेबल

परभणीच्या आमच्या घरातलं सागवानी टेबल गेल्या वैशाखात भर दुपारी ताडकन तडकलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. मेहुणे म्हणाले, लाकूड कच्चं निघालं. पण फळ्या चांगल्या पाच वर्षं वाळलेल्या होत्या, आणि वाळलेलं लाकूड आकसत-फुगत नाही हा समज नजरेइतकाच खोटा आहे.

झाड तोडल्यावर आधी पेशींच्या पोकळ्यांतलं पाणी जातं. तेव्हा लाकूड हलकं होतं, आकसत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरला की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग इथूनच सुरू होतो. या भिंतींत सेल्युलोजचे, म्हणजे लाकडाच्या मुख्य घटकाचे, अतिसूक्ष्म तंतू जवळजवळ खोडाच्या दिशेनं उभे रचलेले असतात. त्यांच्या अवतीभवतीच्या हायड्रॉक्सिल गटांना (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना) पाण्याचे रेणू हायड्रोजन बंध या हलक्या ओढीनं चिकटतात आणि तंतूंना एकमेकांपासून दूर सारतात. कडब्याच्या पेंढीत आणखी धाटं खुपसली तर पेंढी जाड होते, लांब होत नाही, तसंच हे. पाणी गेलं की तंतू पुन्हा जवळ येतात. म्हणून सागवान पुरतं वाळताना लांबीत जेमतेम 0.2 टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के आणि वाढीच्या वलयांच्या कडेनं साडेपाच टक्के. गाभ्याकडून सालीकडे आडव्या जाणाऱ्या किरणपेशी त्या दिशेला आवळून धरतात, हे या दुपटीच्या फरकाचं एक कारण.

हवेशी पाण्याची ही देवाणघेवाण लाकूड असेपर्यंत चालते. मराठवाड्यात मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली दमट हवा यांत फळीच्या ओलाव्यात 7 टक्क्यांचा फरक सहज पडतो. 90 सेंटिमीटर रुंदीचं टेबल त्यात एक सेंटिमीटरहून जास्त आकसू शकतं. पॉलिशनं हा वेग मंदावतो, थांबत नाही. रात्री कपाट कडकडतं तेही बहुधा यामुळेच. त्यासाठी लिंबू-मिरची नको.

आमचं टेबल श्रावणात बनलं होतं. फळ्यांच्या टोकांना आडवी पट्टी पूर्ण रुंदीभर डिंक लावून घट्ट बसवलेली. उन्हाळ्यात फळ्या रुंदीत आकसल्या. पट्टीची मात्र तीच बाजू लांबीची, ती हलेना. मग लाकूडच फाटलं. बैलगाडीचं चाक उन्हात खिळखिळं झालं की पाण्यात टाकणाऱ्या शेतकऱ्याला लाकडाचा हा स्वभाव पुरता ठाऊक असतो.

आम्ही पट्टी उकलली. फळ्यांची कुसवं, म्हणजे टोकांना कोरलेल्या जिभा, पट्टीच्या खाचेत पुन्हा बसवली, पण डिंक फक्त मधल्या कुसवाला. कडेच्या कुसवांतली खुंट्यांची भोकं लांबट केली आणि खाच दोन्हीकडे मोकळी ठेवली. टेबलाचा माथा खालच्या चौकटीला स्क्रूनं आवळण्याऐवजी सरकत्या लाकडी गुटक्यांनी धरला. श्रावणात पट्टी आणि फळ्यांच्या कडा एका रेषेत होत्या. आज, मे महिन्यात, पट्टी दोन्ही बाजूंनी चार-चार मिलिमीटर बाहेर आली आहे, आणि माथ्यावर नवी चीर नाही.