हुग्गीच्या पातेल्यातले ओट्स

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडीच्या मराठी घरांतून थंडीच्या सकाळी ओट्सची गरम लापशी होऊ लागली आहे. गूळ, सुंठ, वेलची आणि किसलेले जायफळ घातलेली ही न्याहारी पाकिटातून आलेली नवलाई समजली जाते. धान्यापुरते ते खरे आहे, पण ती शिजवण्याची रीत सीमाभागात कितीतरी जुनी आहे, हुग्गी नावाच्या गव्हाच्या खिरीची.

ओट हे मुळात पश्चिम आशियात गहू आणि सातूच्या शेतांत उगवणारे तण होते. ही पिके युरोपच्या थंड, ओलसर हवेकडे सरकली तेव्हा गहू मागे पडू लागला आणि तण जोम धरू लागले, त्यामुळे सुमारे ३००० वर्षांपूर्वी तिथे त्याचीच लागवड सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ते रोजचे अन्न बनले, मात्र तिथली पारंपरिक लापशी पाणी आणि मीठ यांवरच भागते. उत्तर भारतात हेच धान्य जई या नावाने प्रामुख्याने जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरले जाते.

ओट्समध्ये स्निग्धांश सुमारे ७ टक्के, म्हणजे गव्हाच्या तिपटीच्या आसपास असतो आणि दाणा भरडताच त्यातले विकर (एन्झाइम) तो मोडू लागते, म्हणून साधे पीठ लवकर खवट होते. दाण्याला वाफ देऊन हे विकर निकामी करायचे आणि मग रुळांतून दाणा चपटा करायचा, या प्रक्रियेमुळे ओट्स पाकिटात टिकू लागले. अमेरिकेत ओट्ससाठी ‘क्वेकर’ हे बोधचिन्ह १८७७ मध्ये नोंदले गेले. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू रोज ३ ग्रॅम पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, असा दावा पाकिटावर छापण्यास तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडेही ओट्स घरात शिरले ते चवीच्या ओढीने नव्हे, तर आरोग्याच्या काळजीने.

आपली रीत मात्र वेगळ्या वाटेने आली आहे. खानापूरच्या डोंगरउतारावर नाचणी आणि पूर्वेकडच्या काळ्या रानात जोंधळा, त्यामुळे आंबील दोन्हीकडे होते. तिलाच कन्नड घरात अंबली म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, राज्यांची हद्द ठरली, पण चुली वेगळ्या झाल्या नाहीत. मराठी घरातली खपली गव्हाची खीर आणि शेजारच्या कन्नड घरातली हुग्गी हे एकाच पदार्थाचे दोन उच्चार आहेत, असे मी मानतो. गहू भिजवून, कांडून, कोंडा पाखडून काढायचा, भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचा, मग गूळ, सुंठ, वेलची, जायफळ, खसखस आणि सुके खोबरे घालायचे, आणि वाढताना वर दूध व तूप सोडायचे, ही ती रीत. सुंठ तिथे केवळ चवीला नसते. जड धान्य पचावे, थंडीत अंगात ऊब राहावी, म्हणून ती घालतात. वेलची-मिरी मुळातच सह्याद्रीच्या पावसाळी रानातली, आणि आंबोलीचा घाट बेळगावला वेंगुर्ल्याच्या बंदराशी जोडत होता.

दूध शेवटी का, याला कारण आहे. गुळात थोडी आम्लता असते आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटते. हुग्गी करणाऱ्या बायकांनी हे अनुभवाने ओळखले होते आणि ओट्सलाही तोच नियम लागू पडतो. अर्धी वाटी ओट्स दीड वाटी पाण्यात पाच-सहा मिनिटे शिजवावेत. बीटा-ग्लुकन सुटून लापशी आपोआप दाट होते. मग गूळ विरघळवून पातेले खाली उतरवावे, चिमूटभर सुंठ, वेलची आणि जायफळ घालावे, आणि लापशी जरा निवल्यावरच कोमट दूध सोडावे.