जिप्सीच्या पुढच्या नकलची पूर्ण दुरुस्ती : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे मारुती जिप्सी घेऊन येणारे बहुतेक ग्राहक पुढच्या चाकामागच्या गोळ्यावरून ग्रीस गळते, एवढीच तक्रार सांगतात आणि सील बदलून मागतात. सील बदलण्याचे काम काही तासांचे असते, तर आम्ही सुचवतो त्या नकलच्या (knuckle : चाकाला धरून स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) पूर्ण दुरुस्तीला दोन दिवस लागतात आणि त्याचे बिलही बरेच मोठे होते. हा फरक का पडतो, हे काम स्वीकारण्यापूर्वी ग्राहकाला समजावे म्हणून हे माहितीपत्रक दिले जाते.

१९८५ साली आलेली ९७० सीसीची जिप्सी असो वा १९९६ नंतरची १३०० सीसीची किंग, दोन्हींचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असून त्याच्या दोन्ही टोकांना पोकळ लोखंडी गोळे असतात. या गोळ्याला वरून व खालून एकेका किंगपिनने धरून नकल बसवलेली असते. स्टिअरिंग फिरवल्यावर ती याच दोन पिनांभोवती, म्हणजे दोन छोट्या टेपर रोलर बेअरिंगांवर वळते. गोळ्याच्या आत चाकाला ताकद पोहोचवणारा सीव्ही जॉइंट ग्रीसमध्ये फिरत असतो आणि नकलच्या मागच्या तोंडाला आठ बोल्टांनी आवळलेले मोठे सील गोळ्यावर घासत राहून आतले ग्रीस आत व बाहेरचा चिखल बाहेर ठेवते.

हे सील क्वचितच आपण होऊन खराब होते. किंगपिनची बेअरिंगे झिजली की नकल गोळ्यावर मध्यभागी राहत नाही, सील एका बाजूला दाबले जाते व दुसऱ्या बाजूला फट पडते. अशा नकलवर नवे सील बसवले तर ते एक पावसाळा टिकले तरी पुष्कळ. दुसरे कारण आतल्या बाजूला असते. अ‍ॅक्सलच्या नळीतले छोटे सील गेले, की डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीचे) ऑइल गोळ्यात उतरते, घट्ट ग्रीसचे पातळ काळे पाणी करते आणि ते चाकाच्या आतल्या बाजूने ब्रेकपर्यंत पोहोचू शकते. गळणारा पदार्थ बोटांत चोळून पाहावा : तो घट्ट असेल तर दोष बहुधा बाहेरच्या सीलचा किंवा बेअरिंगांचा, आणि पातळ, उग्र वासाचा असेल तर आतले सीलही गेलेले आहे.

बेअरिंगांची परीक्षा ग्राहकाला घरीही करता येते. गाडी सपाट जागेवर घ्यावी, मागच्या चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून अडथळा) लावावी, पुढचे चाक जॅकवर उचलून अ‍ॅक्सलखाली घोडी (आधाराचा स्टँड) द्यावी आणि चाक वर व खाली धरून आतबाहेर हलवावे. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे व चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा आहे. तसाच राहिला तर किंगपिनचा आहे. ठरावीक वेगाला, विशेषतः एखाद्या खड्ड्यानंतर, स्टिअरिंग जोराने थडथडू लागण्यामागे अनेकदा हाच खेळ असतो. अशा वेळी आधी व्हील अलाइनमेंट आणि नवा स्टिअरिंग डँपर यांवर खर्च करून मग आमच्याकडे आलेले ग्राहक कमी नाहीत. डँपर थरथर काही काळ झाकतो, खेळ काढत नाही.

किंगपिनच्या बेअरिंगचे दुखणे इतर बेअरिंगांपेक्षा वेगळे असते. व्हील बेअरिंग सतत पूर्ण फिरते, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी वाटली जाते; किंगपिनचे बेअरिंग मात्र स्टिअरिंगएवढेच, थोड्या अंशांतून वळते आणि त्याचा बहुतेक वेळ चाके सरळ असतानाच्या एकाच जागी धक्के खाण्यात जातो. परिणामी कपमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात, रोलरांचे खळगे उमटतात. पिनखालचे पातळ शिम (जाडी जुळवणाऱ्या चकत्या) काढून नकल घट्ट करण्याचा जो झटपट उपाय रस्त्याकडेच्या गॅरेजांत केला जातो, तो आम्ही करत नाही, कारण खळग्यांत बसलेली बेअरिंगे आणखी दाबली की खेळ गेल्यासारखा वाटतो, पण स्टिअरिंग मधोमध अडकू लागते आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. घाटात याचा अर्थ काय होतो, हे गाडी चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून आम्ही दोन्ही बाजूंच्या नकल पूर्ण उघडतो. किंगपिन काढताना कोणती पिन वरची, कोणती खालची व तिच्याखाली किती शिम होते, याची नोंद ठेवली जाते. सर्व भाग धुऊन गोळ्याचा पृष्ठभाग तपासला जातो. हलका गंज पॉलिश पेपरने निघतो, पण खोल खड्डे असतील तर नवे सीलही त्यावर लवकर फाटते, आणि हे आम्ही ग्राहकाला गोळा दाखवूनच सांगतो. बेअरिंगे कपासह चारही बदलली जातात. जुन्या कपात नवे बेअरिंग बसवण्याची विनंती कृपया करू नये.

यानंतरची जुळणी हा या कामाचा गाभा आहे. सील न लावता, टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) सोडवून, नकलच्या हाताला स्प्रिंग काटा अडकवून ओढला जातो आणि नकल हलायला किती जोर लागतो ते वाचले जाते. तो १ ते १.८ किलोच्या दरम्यान असायला हवा. जोर कमी भरला तर शिम कमी करायचे, जास्त भरला तर वाढवायचे, आणि प्रत्येक वेळी बोल्ट पुन्हा आवळून नव्याने मोजायचे. एका बाजूला कधी दोनदा उघडावे लागते, कधी पाचदा. वेळ जातो तो इथे. सील लावल्यानंतर त्याच्या घर्षणामुळे हे माप घेता येत नाही, त्यामुळे जुळणी दाखवून हवी असल्यास ग्राहकाने त्याच वेळी उपस्थित राहावे.

सीव्ही जॉइंट स्वच्छ करून त्यातल्या छोट्या पोलादी गोळ्यांच्या खाचा पाहिल्या जातात व मोलिब्डेनमयुक्त ग्रीस भरले जाते. पोकळी आम्ही मुद्दाम पूर्ण भरत नाही, कारण जास्तीचे ग्रीस गरम झाल्यावर सीललाच बाहेर ढकलते. आतली छोटी सीलेही याच वेळी बदलतात आणि डिफरन्शियलमध्ये सुमारे २ लिटर नवे गिअर ऑइल जाते. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र) मोकळा केला जातो. तो चिखलाने बुजलेला असेल तर तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि सीलांमधून पाणी आत ओढले जाते. कोकणात वा धरणाच्या कडेने गाडी नेणाऱ्यांनी ब्रीदरला नळी जोडून ती इंजिनखान्यात उंचावर घ्यावी.

काम झाल्यानंतर गोळ्यावर ग्रीसचा पातळ ओलसर थर दिसेल, तो सीलला वंगण म्हणून हवाच असतो. थेंब पडू लागले तर मात्र कळवावे. सुमारे ५०० किलोमीटर चालल्यावर गाडी एकदा आणावी, म्हणजे किंगपिनचे व सीलचे बोल्ट तपासता येतील. या तपासणीचे पैसे घेतले जात नाहीत. काढलेली बेअरिंगे पिशवीत घालून गाडीसोबत परत दिली जातात.