गावातला रस्ता आणि दर्जोन्नतीचा गुंता : पार्श्वभूमी

ऊस हंगाम सुरू झाला की आमच्या भागातल्या ग्रामसभांत एक ठराव ठरलेलाच असतो. शाळेसमोर आणि स्टँडपाशी गतिरोधक करावेत, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि खडीचे डंपर शाळा भरताना-सुटताना थांबवावेत, वळणावरच्या वेड्या बाभळी काढाव्यात. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. एक प्रत बांधकाम उपविभागाला, एक पोलीस ठाण्याला, एक तहसीलला. पुढच्या हंगामात तोच मजकूर तारीख बदलून पुन्हा येतो. मध्ये एखादा अपघात झाला तर रास्ता रोको होतो आणि पहिला राग निघतो तो सरपंचावर. तुमच्या गावातला रस्ता, आणि तुम्हाला साधा गतिरोधक करता येत नाही?

खरंच येत नाही. मी पाच वर्षं सदस्य होतो, त्यामुळे हे उत्तर मलाही अनेकदा द्यावं लागलं, आणि दर वेळी समोरच्याला ते पळवाटीसारखं वाटलं. रस्ता गावातून जात असला तरी कागदावर तो गावाचा नसतो. हा कागद कसा तयार होत गेला, ते सांगितल्याशिवाय या ठरावांचं असं का होतं ते कळत नाही.

लांबचा इतिहास थोडक्यात. मोटारींमुळे रस्त्यांवर पडणारा भार पाहून १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९२९ पासून पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९४३ मध्ये नागपूरला प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. रस्त्यांची उतरंड तिथे लागली: वर राष्ट्रीय महामार्ग, मग प्रांतांचे महामार्ग, मग जिल्ह्यांचे रस्ते, आणि तळाला गावरस्ते. चांगल्या शेतीच्या मुलखातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब राहू नये, असं उद्दिष्ट धरलं होतं. या विचारात गाव म्हणजे रस्त्याचं टोक होतं. रस्ता गावापर्यंत पोचवायचा होता. तोच रस्ता पुढे गाव चिरून जाईल आणि त्यावरून परजिल्ह्यातली वाहनं धावतील, तेव्हा गावाने काय करायचं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं. आज सगळे बोलतात ती ग्रामा (ग्रामीण मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग), प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), रामा (राज्य मार्ग) ही बाराखडी त्याच उतरंडीतून आली.

ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, जिल्हा परिषदांचा १९६१ चा. वाटणी अशी बसली की गावठाणातल्या गल्ल्या आणि आतले रस्ते ग्रामपंचायतीकडे, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि आजच्या घडीला प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग राज्याच्या बांधकाम खात्याकडे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना नंबर २३ ची नोंदवही असते, ताब्यातल्या रस्त्यांची. गावातून जाणारा मोठा रस्ता त्या वहीत सापडत नाही. मी सदस्य झाल्यावर पहिल्याच महिन्यात ग्रामसेवकांकडून ती वही मागून घेतली होती. मारुती मंदिर ते पाण्याची टाकी, टाकी ते दलित वस्ती, मराठी शाळा ते ओढा, अशा बारक्या नोंदी होत्या. ज्या रस्त्यावर लोक जखमी होत होते, त्याचं नाव एकाही पानावर नव्हतं.

हा रस्ता आला कुठून? आमच्यासारख्या अनेक गावांत तो १९७२ च्या दुष्काळाचा आहे. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं आता थोडी उरली आहेत, पण त्यांनी केलेल्या कच्च्या सडकांवरच आजचं डांबर आहे. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि दुष्काळ सरला तरी रस्त्याची कामं चालू राहिली. तेव्हा जमीन कुणी मोजून घेतली नाही. लोकांनी बांध सोडले, वावरातून वाट दिली. त्यामुळे कित्येक ठिकाणी रस्ता वापरात पन्नास वर्षं आहे आणि सातबारा अजून शेतकऱ्याच्याच नावावर. रुंदीचा वाद निघाला की दोन्ही बाजू खऱ्या असतात.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले आणि रस्ते, पूल त्यात १३ व्या क्रमांकावर आहेत. भाषणांत याचा उल्लेख फार होतो. पण रस्ता बांधणं वेगळं आणि त्यावरच्या वाहनांना शिस्त लावणं वेगळं. वाहतूक नियमन त्या २९ विषयांत कुठेच नाही. ते मोटार वाहन कायद्यात आहे, १९८८ च्या. त्यातलं कलम ११२ वेगमर्यादा कमी करण्याचं, कलम ११५ विशिष्ट वाहनांना बंदी घालण्याचं. दोन्ही अधिकार राज्य सरकारचे किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे. कलम ११५ मध्ये तर अशी सोय आहे की बंदी महिन्याभरापेक्षा जास्त काळाची नसेल तर राजपत्रात अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं की पुरे. हंगाम चार-पाच महिने चालतो हे खरं, पण निदान ऐन गर्दीचा एक महिना तरी ही सोय गावांसाठी वापरता आली असती.

आता तो शब्द, ज्याच्याभोवती सगळं फिरतं: दर्जोन्नती.

दर्जोन्नती म्हणजे रस्त्याचा वर्ग वाढवणं. ग्रामीण मार्गाचा इतर जिल्हा मार्ग, त्याचा प्रमुख जिल्हा मार्ग, त्याचा राज्य मार्ग. ग्रामपंचायतींचे ठराव जातात, जिल्हा परिषद रस्ता सोडायला तयार असल्याचा ठराव करते, बांधकाम खातं प्रस्ताव पाठवतं आणि शासन निर्णय निघून रस्त्याला नवा क्रमांक मिळतो. शब्दात उन्नती आहे, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की रस्ता सुधारला. प्रत्यक्षात त्या दिवशी खडीचा एक टोपलाही पडत नाही. बदलतं ते फक्त मालकाचं नाव आणि निधीचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधी मात्र पेढे वाटतात, स्टँडवर फ्लेक्स लागतो, आणि गावही खूश असतं.

गाव खूश का असतं हे समजून घ्यायला हवं, कारण दर्जोन्नतीचा ठराव वरून लादला गेला असं म्हणता येणार नाही. तो गावांनीच मागितला. जिल्हा परिषदेकडे पैसे नसत. डांबर निघून गेलेला रस्ता पाच-पाच वर्षं तसाच राही, बाळंतिणीला जीपमधून नेताना जीव टांगणीला लागे. प्रजिमा झाला तर बजेटमध्ये बसेल, एवढाच साधा हिशेब होता. तो चुकला असं मी म्हणणार नाही. बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांत रस्ता झालाही. पण आधी जिल्हा परिषदेच्या बांधकाम समितीत गावचा माणूस बसत असे, शाखा अभियंता पंचायत समितीच्या आवारात भेटत असे. दर्जोन्नतीनंतर गावाचा या रस्त्याशी संबंध उरला तो अर्जदार म्हणून. रस्ता रुंद झाला, वाहनं वाढली, वेग वाढला, आणि नेमक्या त्याच वेळी बोलायची खुर्ची हातातून गेली. ठरावाच्या वेळी हे कुणी मांडल्याचं मला जुन्या प्रोसिडिंगमध्ये आढळलं नाही. शंका काढणाऱ्याला विकासाच्या आड येणारा ठरवलं गेलं असतं, हेही तितकंच खरं.

गुंता वाढला तो २०१४ नंतर. राज्य मार्गांचे राष्ट्रीय महामार्ग करण्याचा सपाटा लागला. आज राष्ट्रीय महामार्गांची सर्वाधिक लांबी महाराष्ट्रात आहे. त्यातून ‘तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग’ असा एक मधलाच प्रकार जन्मला. तत्त्वतः मान्यता मिळाली, अंतिम अधिसूचना नाही. अशा रस्त्यावरच्या गावाने खड्ड्याचं किंवा फलकाचं पत्र दिलं की राज्याकडून उत्तर येई, रस्ता महामार्गाकडे जाणार आहे. महामार्गाच्या कार्यालयाकडून उत्तर येई, अजून ताब्यात आलेला नाही. दोन्ही उत्तरं कागदोपत्री बरोबर, आणि रस्त्याला वाली कुणी नाही. यात गेलेली वर्षं गावांनी खड्ड्यांतून काढली.

वर्ग किती सहज बदलता येतो, हे त्याच काळात दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने २० हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झालं. त्याच सुमारास जळगाव, यवतमाळसारख्या शहरांतून जाणाऱ्या राज्य रस्त्यांचं अवर्गीकरण झालं. म्हणजे दर्जोन्नतीच्या नेमकं उलट: रस्ता राज्याच्या यादीतून काढून स्थानिक संस्थेच्या गळ्यात. तो राज्य महामार्ग उरला नाही, की त्याच्याकडेच्या दारूच्या दुकानांना मनाईही उरत नाही. शाळेपुढचा एक किलोमीटर ग्रामपंचायतीच्या हाती द्या म्हणणाऱ्या गावांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं की रस्त्याचा वर्ग असा तुकड्या-तुकड्याने बदलता येत नाही. दारूच्या दुकानांसाठी तो बदलता आला. हे लिहिताना मला आजही चीड येते.

गतिरोधकाचा कागद याहून जुना आहे. देशातल्या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेने १९८८ मध्ये लहान रस्त्यांवरच्या गतिरोधकांसाठी मार्गदर्शक मापं दिली: ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात जाईल असा गोलसर उंचवटा, ४० मीटर आधी सूचना फलक. गावच्या भाषेत बारा फूट रुंद आणि चार इंच उंच. २०१८ मध्ये ही मापं सुधारली गेली आणि ग्रामीण भागासाठी वेशीपासूनच वेग उतरवत आणणारे उपायही त्यात आले. त्याआधी २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाका, असे केंद्राचे आदेश निघाले होते. ज्या गावचा रामा नुकताच महामार्ग झाला होता, तिथले होते ते उंचवटेही त्यामुळे खरवडले गेले.

मग लोक काय करतात? अपघाताच्या रात्री एक ट्रॉली मुरूम येतो. कुणी घराच्या पायासाठी आणलेलं सिमेंट देतं. टॉर्चच्या उजेडात पोरं फावड्याने वळ घालतात आणि पहाटे त्यावर चुन्याचे पट्टे ओढतात. मी अशा एका गतिरोधकाला टेप लावून पाहिली होती. रुंदी दोन फूट, उंची आठ इंच. आठवड्याभरात चुना उडाला, आणि पहिली आपटली ती गावातलीच बाई, दूध घालायला निघालेल्या नवऱ्याच्या मागे बसलेली. ज्यांनी तो बांधला त्यांची कळकळ खरी होती. त्यांना मापाचा कागद कुणी दाखवला नव्हता आणि मापात करून देणारं कुणी येत नव्हतं.

६ एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेचा उल्लेख इथे करायला हवा, कारण फलकांचा विषय तिच्यापाशी अडतो. तिने रस्त्यांच्या प्रकारानुसार कमाल वेग ठरवले. महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांना वेगळी ओळ मिळाली. गावठाणाला नाही; गाव ‘इतर रस्ते’ या ओळीत गेलं, मोटारीला ताशी ७० किलोमीटर. याहून कमी मर्यादा हवी तर पुन्हा कलम ११२ आणि पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या खर्चाने लावलेला ‘सावकाश जा, पुढे शाळा आहे’ हा फलक विनंती म्हणून ठीक, दंड करायला त्याचा उपयोग नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात काहीच नाही, असंही नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरची अतिक्रमणं काढण्याचा अधिकार दिलेला आहे. स्टँडवर टपऱ्या डांबराला टेकल्या की पायी चालणारा माणूस रस्त्याच्या मधून चालतो, आणि निम्मे प्रसंग तिथेच घडतात. पण टपरी ज्याची, त्याच्या घरात सहा मतं. वॉर्डाचा निकाल चार मतांनी लागतो. आमच्या काळात नोटिसा तयार झाल्या होत्या, त्या बजावल्या गेल्या नाहीत, आणि त्या सभेला मीही हात वर केला नव्हता.

चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, थेट निधी येऊ लागला आणि आतल्या गल्ल्या काँक्रीटच्या झाल्या. आता गल्लीतून सुसाट निघालेली मोटारसायकल थेट मोठ्या रस्त्यावर येते. तिठ्यावर आरसा लावायला निधी पुरतो, पण खांब ज्या जागेत रोवायचा ती बांधकाम खात्याची. परवानगीचं पत्र गेलेलं आहे.

सध्या तालुक्यात याच रस्त्याला राज्य मार्गाचा दर्जा द्यावा, असा नवा प्रस्ताव फिरतो आहे. पाठिंब्याचा ठराव मागणारं पत्र आमच्या ग्रामपंचायतीतही आलं आहे. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो चौथा विषय आहे. शाळेसमोरच्या गतिरोधकाचा नववा.