दोन तोळे रस ते पाव लिटर ज्यूस

दादरच्या शिवाजी पार्कला सकाळी सहा-साडेसहाला गेलं की कट्ट्याबाहेर स्टीलचे डबे आणि थर्मास मांडून बसलेले विक्रेते दिसतात. दुधी, कारलं, आवळा, बीट-गाजर, गव्हांकुर, शिवाय 'मिक्स' नावाचं हिरवंगार काहीतरी. चार फेऱ्या मारून आलेली मंडळी उभ्या उभ्या ग्लास तोंडाला लावतात, कारल्याने वाकडं झालेलं तोंड सरळ होईस्तोवर हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि मग निम्मे लोक पलीकडे जाऊन साखर घातलेला कटिंग मारतात. कशासाठी पिता, असं विचारलं तर दहातले आठ जण 'वजन' किंवा 'शुगर' म्हणतील.

या सवयीला फार जुनं समजलं जातं. प्रत्यक्षात दोन पिढ्यांपूर्वी याच शहरात फळांचा रस नेमक्या उलट कामासाठी आणला जायचा. परळला केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांच्या बाहेर मोसंबी आणि शहाळ्यांच्या गाड्या उगाच लागत नाहीत. पेशंटला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, अर्धा डझन मोसंबी न्यायची, ही मुंबईची रीत. जालना-औरंगाबाद पट्ट्यातून आलेली ती मोसंबी घरी काचेच्या दातेरी वाटीवर दाबून पिळायची, गाळण्यातून गाळायची, चिमूटभर मीठ घालायचं आणि टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला घोटघोट पाजायची. हेतू हा, की चावायचं त्राण नसलेल्याच्या अंगात चार कण जावेत, त्याने बाळसं धरावं. रस हे अशक्ताचं अन्न होतं. धडधाकट माणूस मोसंबी सोलून, फोडी करून खायचा.

आयुर्वेदाचा दाखला देऊन ज्यूस विकणाऱ्यांनी मूळ ग्रंथ उघडले तर त्यांची थोडी अडचण होईल. औषध तयार करण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. ताजी वनस्पती कुटून, फडक्यातून पिळून काढलेला तो स्वरस, आणि पाचांत तोच सगळ्यात जड मानलेला. म्हणून शार्ङ्गधर संहितेने त्याची मात्रा अर्धा पल ठेवली. म्हणजे दोन तोळे, आजच्या हिशेबात 25 मिलीलिटरच्या आत. तेही वैद्याने नाडी, ऋतू, अग्नी बघून दिलेलं, पथ्यासकट. शिवाजी पार्कचा ग्लास याच्या आठ-दहा पट भरतो आणि पथ्य विचारणारं तिथे कोणी नसतं.

लठ्ठपणाबद्दल तर चरकाचं म्हणणं आणखी वेगळं आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थूल माणसासाठी 'गुरु' आणि 'अतर्पण' असा आहार सांगितला आहे: पचायला जड, पण पोषण कमी. कृश माणसाला याच्या उलट, हलकं आणि पोसणारं. आता गाळलेला गोड रस यातल्या कुठल्या रकान्यात बसतो ते वाचकाने ठरवावं. त्याच अध्यायात मध घातलेलं पाणी आहे, सातू आहे, त्रिफळा आहे. सकाळच्या मध-लिंबू-पाण्याचे पाय इथवर पोचवता येतात, फक्त मध गरम करू नये असंही आयुर्वेदच बजावून सांगतो, आणि आपण तो वाफाळत्या पाण्यात ढवळतो.

रसाला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली ती उपोषणांमुळे. 26 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याच्या तुरुंगात, पुणे करारानंतर, गांधीजींनी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन उपवास सोडला. रवींद्रनाथ टागोर तिथे हजर होते. 1943 साली आगाखान पॅलेसमधल्या 21 दिवसांच्या उपवासात प्रकृती फारच ढासळली तेव्हा नुसतं पाणी पोटात ठरेना, म्हणून त्यात मोसंबीचा थोडा रस घालावा लागला. तेव्हापासून उपोषण आणि रस यांची जोडी इतकी पक्की झाली की मराठी वार्ताहराला 'मोसंबीचा रस घेऊन उपोषण मागे घेतले' हे वाक्य डोळे मिटून लिहिता येतं. गिरणी कामगारांपासून पालिकेच्या सफाई कामगारांपर्यंत, आझाद मैदानात किती ग्लास रिकामे झाले असतील याची गणती नाही. अण्णा हजारे यांनी 28 ऑगस्ट 2011 ला रामलीला मैदानात नारळपाणी आणि मध घेतला, एवढाच काय तो बदल.

गांधीजींचा निसर्गोपचार मात्र बराचसा जर्मन होता. ॲडॉल्फ युस्ट आणि लाइपझिगचे लुई कुने यांची पुस्तकं त्यांनी दक्षिण आफ्रिकेत असल्यापासून वाचलेली. माती, पाणी, ऊन, उपवास, कच्चा आहार, आणि आजार म्हणजे शरीरात साठलेली घाण ही त्या मंडळींची कल्पना. ती आपल्या 'पोट साफ तर सगळं साफ' या घरगुती समजुतीला चपखल बसली. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं, तिथे गांधीजी राहिले. 1946 मध्ये उरुळी कांचनला आश्रम सुरू झाला, तो पुढे मणिभाई देसाई यांनी वाढवला. सुखवस्तू मुंबईकर वजन उतरवायला उरुळीला जातो ही प्रथा तिथून रुजली. पण उरुळीचा रस हा लंघनाचा भाग असतो: बाकी जेवण बंद किंवा अगदी मोजकं, आणि डॉक्टरांची नजर. परत आल्यावर लोकांनी रस ठेवला आणि लंघन सोडलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

दुसरा प्रवाह अमेरिकेतून आला. तिथे 1930 च्या दशकात नॉर्मन वॉकर यांनी भाज्या आधी किसून मग दाबयंत्राखाली पिळायची पद्धत प्रचारात आणली. आजची 'कोल्ड प्रेस' यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. त्याच दशकात कॅन्सस सिटीत चार्ल्स श्नाबेल गव्हाच्या कोवळ्या पात्यांची भुकटी कोंबड्यांना आणि नंतर माणसांना खाऊ घालत होते. पुढे बोस्टनच्या ॲन विग्मोर यांनी तोच रस जवळपास सर्व रोगांवर चालतो असं सांगायला सुरुवात केली. 1980 च्या दशकात तिथल्या सरकारी वकिलांनी त्यांना मधुमेह आणि एड्सबद्दलच्या दाव्यांवरून कोर्टात खेचलं. ती बातमी आपल्याकडे पोचली नाही, गव्हांकुर पोचले. गच्चीवर, खिडकीच्या ग्रिलमध्ये सात कुंड्या मांडून रोज एक कापायची टूम मुंबईत बरीच चालली. हरितद्रव्य आणि रक्तातलं हिमोग्लोबिन यांची रचना काहीशी सारखी, म्हणून त्याला 'हिरवं रक्त' म्हणतात. मात्र एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं आणि दुसऱ्याच्या लोह, आणि पोटात गेलेल्या हरितद्रव्याचं रक्त बनत नाही.

यंत्राचा मुद्दा सोडून चालणार नाही. सुमीत मिक्सर 1960 च्या दशकात मुंबईतच जन्मला, चटणी-इडलीचं वाटण डोळ्यांसमोर ठेवून. त्यामागून ज्यूसरचं भांडं जोडलेले मिक्सर आले आणि मध्यमवर्गीय ओट्यावर गाजर पिळणं शक्य झालं. बहुतेक घरांत ते भांडं महिनाभराने माळ्यावर गेलं, कारण पाव लिटर रसामागे जाळी घासायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात नाक्यानाक्यावर ज्यूस सेंटर उभी राहिली. मोसंबी-संत्र्याच्या मिश्रणाला 'गंगाजमुना' म्हणणं ही त्यांची देणगी. ही दुकानं चैनीची होती. तिथे शिकंजीची मागणी व्हायची, चिकू शेकवर आइस्क्रीम पडायचं आणि साखर बिनबोभाट पडायची. 'विदाऊट शुगर, विदाऊट बर्फ' ही ऑर्डर नंतरची.

ही हवा बदलली 1990 नंतर. वांद्र्याचं जॉगर्स पार्क 1990 मध्ये उघडलं आणि चालणं हा व्यायाम म्हणून प्रतिष्ठित झाला. 2000 नंतर पहाटेच्या टीव्हीवर रामदेवबाबा आले आणि दुधी-आवळा-कोरफड घरोघरी पोचली. ज्या दुधीला पोरं नाक मुरडायची तिचा कच्चा रस मोठी माणसं उपाशीपोटी पिऊ लागली.

याची किंमत काहींनी मोजली. काकडी, भोपळा, दुधी, कारलं या कुळात कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. लागवडीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखादं फळ कडू निघतं आणि ते बाहेरून ओळखू येत नाही. भाजी करणारी बाई फोड चाखते आणि कडू लागली तर फेकून देते, म्हणून शतकानुशतकं दुधीने कोणाचं फारसं बिघडलं नाही. रसात मात्र गोम अशी की कारलं, पुदिना, आलं मिसळलं की कडवटपणा लपतो, आणि 'कडू ते औषधी' या श्रद्धेमुळे माणूस तो लपला नाही तरी नेटाने पितो. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याच्या रसानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने अशा प्रकरणांचा अभ्यास केला. तिचा अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. 50 ते 300 मिलीलिटर रसानंतर पोटदुखी, रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणं असं चित्र होतं, आणि यावर उतारा नाही. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाका, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. 'मिक्स'च्या डब्यापुढे उभं राहून यातलं काहीच पाळता येत नाही.

कोकमाचीही कथा सांगण्यासारखी आहे, कारण त्यात कोकण आणि अमेरिका एकत्र येतात. कोकमाच्या कुळात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं. दक्षिणेतल्या त्याच्या भावंडाचा अर्क 1990 च्या दशकात 'गार्सिनिया' म्हणून वजन घटवणाऱ्या गोळ्यांत शिरला. 1998 मध्ये 135 जणांवर 12 आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली: खोट्या गोळीपेक्षा त्याचा काहीही जास्त उपयोग दिसला नाही. तरी लालबाग-गिरगावच्या दुकानांत कोकम सरबत 'चरबी वितळवणारं' म्हणून विकलं जातंच. अमृत कोकम कसं करतात हे आजोळी पाहिलेल्याला हसू येईल. बरणीत फोडींचा एक थर, साखरेचा एक थर, की पुन्हा फोडी, आणि मग ऊन.

2010 च्या दशकात मुंबईतूनच रॉ प्रेसरीसारख्या कंपन्या निघाल्या, बाटलीबंद कोल्ड प्रेस रस आणि तीन-पाच दिवस फक्त रसावर राहायचे 'क्लेन्झ' घेऊन. ही कल्पना अमेरिकेत स्टॅनली बरोज यांच्या लिंबू-मेपल सिरप-तिखटाच्या उपवासापासून चालत आलेली. 2006 मध्ये गायिका बियॉन्सेने एका चित्रपटासाठी तो केल्यावर ती जगभर पसरली. अशा तीन दिवसांत काटा खाली येतो हे खरं आहे. यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. चौथ्या दिवशी वरण-भात खाल्ला की दोन्ही परत येतात.

रस आणि फळ यांत फरक काय पडतो, हे 1977 मध्ये इंग्लंडमध्ये दहा जणांवर फार नेटकेपणाने तपासलं गेलं. सफरचंद तसंच, सफरचंदाचा लगदा आणि सफरचंदाचा रस, तिन्हींत शर्करा सारखीच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला, पोट कमी भरलं, इन्सुलिन जास्त उसळलं आणि नंतर रक्तातली साखर खाली घसरली. ज्यूसवाल्याच्या यंत्रामागे बादलीभर चोथा साठतो, त्यातला तंतू पोट भरवण्याचं काम करणार होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत मोजली आणि दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आसपास थांबा असं सुचवलं. मोसंबीच्या मोठ्या ग्लासात, एक चमचाही न घालता, साधारण 20 ग्रॅम भरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत रसापेक्षा फळ खा असं स्पष्ट लिहिलं, आणि उसाच्या रसात 100 मिलीलिटरला 13 ते 15 ग्रॅम साखर असते म्हणून तो कमीत कमी घ्या असंही. घुंगरू वाजवणाऱ्या कानिफनाथ-नवनाथ रसवंतीगृहांना निदान वजन घटवण्याचा दावा कधी करावासा वाटला नाही, हे त्यांचं इमान.

मराठी घरांत 2018 च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद पेटला होता, तो आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवा म्हणत, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा म्हणत. व्हॉट्सॲपवर दोन तट पडले. पण दीक्षितांच्या योजनेत दोन जेवणांच्या मधे गोड रसाला जागा नाही, आणि दिवेकरांचाही आग्रह फळ चावून खाण्याचाच. एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं जमत होतं, आणि नेमकं तेच फॉरवर्ड झालं नाही.

डॉक्टर आजही रस लिहून देतात तो वेगळ्या प्रसंगी. इन्सुलिन किंवा तशा गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीची साखर अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर अर्धा कप फळाचा रस लगेच द्यायचा. त्यात 15 ग्रॅमच्या आसपास साखर असते, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. इथे गाळलेला रसच लागतो, फळ चावत बसण्याएवढा वेळ नसतो. आणि सकाळी गोळ्यांसोबत कारल्याचा ग्लास रिचवणाऱ्यावर ही वेळ लवकर येऊ शकते, कारण दोन्ही मिळून साखर खाली ओढतात. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्या ग्लासाचा पत्ता असतोच असं नाही.