बॉयलर पंचवीस वर्षांचा, दर आजचा

कारखान्यात बॉयलर बसतो तो वीस-पंचवीस वर्षांसाठी. त्यात काय जाळायचं, हे मात्र बहुधा खरेदीच्या महिन्यातल्या दरावरून ठरतं. या घाईची किंमत महाराष्ट्रातल्या उद्योगाने अनेकदा मोजली आहे.

मुंबईच्या गिरण्यांची सुरुवात परक्या कोळशावर झाली. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, तेव्हा कोळसा विलायतेहून जहाजाने यायचा. पुढे बंगालचा आला, पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण आफ्रिकेचाही. खाणी देशात होत्या, पण मुंबईपासून फार लांब, आणि खरा खर्च वाहतुकीचा होता. १९१५ मध्ये खोपोलीची जलवीज आली तशी यंत्रं हळूहळू विजेवर गेली. खळ आणि रंगाईला मात्र वाफच लागते, त्यामुळे बॉयलर राहिले.

साठच्या दशकात फर्नेस ऑइल, म्हणजे भट्टीत जाळायचं जड तेल, स्वस्त होतं. बॉयलर बनवणारी वॅनसन इंडिया, म्हणजे आजची पुण्याची थरमॅक्स, १९६६ पासूनची. तेलावरचा छोटा बॉयलर तेव्हा सोयीचा वाटे: जागा कमी, माणसं कमी, राख नाही. मग १९७३-७४ मध्ये कच्चं तेल पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेलं आणि १९७९ मध्ये पुन्हा उसळलं. तेलाचा बॉयलर कोळशावर नेणं सोपं नसतं. भट्टीच वेगळी लागते.

हिशेब कसा बदलतो ते आकड्यांतच पाहावं. १०० अंशाच्या पाण्यापासून एक टन वाफ करायला साधारण ५.४ लाख किलोकॅलरी लागतात. फर्नेस ऑइलचा उष्मांक किलोमागे दहा हजार किलोकॅलरी आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सुमारे ६४ किलो तेल. चार हजार उष्मांकाचा देशी कोळसा ७५ टक्के कार्यक्षमतेने जाळला, तर १८० किलो. त्यातली पस्तीस टक्के राख म्हणजे टनामागे साठेक किलो, आणि ती उचलून नेण्याचा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. ओला बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेलं उसाचं चिपाड, साडेतीनशे किलो लागतो.

बगॅसचा इतिहास मला सर्वांत बोलका वाटतो. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग इतर झाले. शंभर टन उसामागे तीसेक टन बगॅस मिळतो, तोही दारातच. फुकटचा म्हणून तो वाचवायची गरज कुणाला भासली नाही. चौरस सेंटिमीटरमागे २१ किंवा ३२ किलो अशा कमी दाबाचे बॉयलर, आणि बगॅस साठून राहू नये असाच बेत. पुढे कोजनची, म्हणजे कारखान्याच्या वाफेवरच तयार केलेली, वीज विकता येऊ लागली, ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले आणि उरलेल्या बगॅसला बाजारभाव आला. दुसरा गिऱ्हाईक उभा राहिला की इंधन फुकट राहत नाही. ब्रिकेटचं, म्हणजे शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या इंधनाच्या विटांचंही तेच होतं: भुसा, शेंगांची टरफलं, तुराट्या यांना मागणी वाढली की दर चढतो, आणि पावसाळ्यात सुका माल मिळणंच अवघड.

गॅसची गोष्ट १९७४ च्या मुंबई हायच्या शोधापासून सुरू होते. देशी गॅस पुरेना, तेव्हा २००४ पासून गुजरातेतल्या दहेज बंदरात गॅसची आयात होऊ लागली आणि किंमत जगाच्या बाजाराला बांधली गेली. २०२२ च्या युक्रेन युद्धात हे बंधन किती घट्ट आहे ते कळलं. त्याच वर्षी एप्रिलपासून महाराष्ट्राने गॅसवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला. गॅस अजून जीएसटीबाहेर आहे, म्हणून त्यावरच्या व्हॅटची वजावट जीएसटीत मिळत नाही. उलट कोळशावर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी पाचवरून अठरा टक्के झाला आणि टनामागचा ४०० रुपयांचा उपकर गेला. बाजार हलला नाही तरी तुलनेचा तक्ता बदलला.

सरकारी आदेशही दराइतकेच जड असतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरयाणा आणि राजस्थानात पेटकोक (तेलशुद्धीकरणात उरणारं कोळशासारखं इंधन) आणि फर्नेस ऑइल जाळायला बंदी घातली, आणि नुकतेच घेतलेले बर्नरही तिथे एका झटक्यात अडकून पडले. पंचवीस वर्षांचा खर्च मांडताना दुसऱ्या इंधनावर जायला किती पैसे आणि किती दिवस लागतील, हा रकाना पहिल्या पानावर हवा.