“सलाईन लावलं का?”

इंदूरहून धुळे-नाशिककडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ए.बी. रोड, म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता, तोंडपाठ असतो: मानपूरचा घाट, धामनोदजवळचा गणेश घाट, खलघाटला नर्मदा, मग सेंधवा आणि बिजासन. गणेश घाटाच्या उतारावर ब्रेक फेल झालेल्या ट्रकांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. अशा रस्त्यावरून अपघाताचा फोन आला की घरातून हमखास विचारले जाते, “सलाईन लावलं का?” यामागची काळजी खरी आहे. पण जबर रक्तस्रावात सलाईनवर एवढा भरवसा आता डॉक्टरही ठेवत नाहीत.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर बाहेर टिपूसही न दिसता लिटरभर रक्त आतल्या आत साचू शकते. त्यात प्राणवायू नेणाऱ्या तांबड्या पेशी जातात, तशाच गुठळी धरणाऱ्या प्लेटलेट्स आणि प्लाझ्मातली, म्हणजे रक्तातल्या द्रव भागातली, फायब्रिनोजेनसारखी प्रथिनेही जातात. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावे तसे होते: पातेले भरते, डाळ तेवढीच राहते. रक्तदाब चढतो आणि नुकती धरलेली गुठळी त्या दाबाने सुटू शकते. गार द्रवाने अंगही गार पडते. अंग गार पडले, रक्तात आम्ल वाढले की रक्त साकळणे आणखी मंदावते, रक्तस्राव वाढतो, आणि हे चक्र जीव घेईपर्यंत फिरत राहते.

१९९४ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये छाती-पोटाला गोळी किंवा सुरा लागलेल्या ५९८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपर्यंत द्रव रोखून धरलेल्यांपैकी ७० टक्के वाचले, लगेच द्रव दिलेल्यांपैकी ६२ टक्के. वाहनाच्या अपघाताला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण विचाराची दिशा तिथून बदलली. आता मोठ्या रुग्णालयांत तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स सुरुवातीपासूनच जवळपास सारख्या प्रमाणात देण्याकडे कल आहे. सोबत कॅल्शियमही द्यावे लागते, कारण पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट रुग्णाच्या रक्तातले, गुठळी धरायला लागणारे कॅल्शियम बांधून ठेवते.

मला सगळ्यात मोलाचे वाटते ते मात्र एक स्वस्त औषध, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. १९६०च्या दशकात जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते शोधले. तयार झालेली गुठळी विरघळू न देणे हे त्याचे काम. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ चाचणीत ४० देशांतले २० हजारांहून अधिक जखमी होते, भारतातलेही. दुखापतीनंतर पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर दिले तेव्हा मात्र ते ३.१ वरून ४.४ टक्क्यांवर चढले. तेच औषध, तीच मात्रा, फरक फक्त वेळेचा.

म्हणूनच घाटात थांबलेल्या माणसाच्या हातात पुष्कळ काही असते. १०८ लावावा. स्वच्छ कापड, ओढणी, जे मिळेल ते जखमेवर ठेवून तळहाताने जोर लावून दाबून धरावे आणि थांबले का म्हणून सारखे उचलून बघू नये. चादर पांघरावी. पोलिसांच्या चौकशीला घाबरू नये: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

आणि नातेवाईक धावत येऊन देतात ते रक्त तपासण्यात, घटक वेगळे करण्यात वेळ जातो. रक्तपेढीत आधीच ठेवलेली पिशवीच त्या तासात कामी येते. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. आपली मंडळे गणेशोत्सवात उत्साहाने रक्तदान शिबिरे घेतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे: इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या किंवा जवळच्या रक्तपेढीशी बोलून दात्यांची यादी महिन्यांत वाटून घ्या. मे महिन्यात, लग्नसराईच्या गर्दीत रस्ते भरलेले असतात तेव्हाही थोडे दाते राखून ठेवा.