एसीतला गॅस आणि तुर्भ्याचा गॅस

मे महिन्यातली गोष्ट. नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या आमच्या घरी एसीचं काम चाललं होतं. मेकॅनिकने बाहेरच्या युनिटचा नट जरा जास्तच सैल केला आणि फुस्सकन पांढरा फवारा त्याच्या तर्जनीवर बसला. बोटाचं टोक मेणासारखं पांढरं पडलं. ‘रोजचंच आहे, काका,’ म्हणत तो ते पँटवर चोळायला लागला. मी त्याचा हात धरला आणि मगात कोमट पाणी आणलं.

आत आर-३२ होता, एसीत थंडाव्यासाठी भरतात तो गॅस. तो उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे बोटावर पडताक्षणी उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता बोटातूनच ओढून घेतो. गोठलेलं बोट चोळलं की मऊ पेशी आणखी फाटतात. कढत पाणीही नको, कारण बधिर बोटाला भाजल्याचं कळत नाही. ३८ ते ४० अंशांचं, बाळाच्या आंघोळीइतकं कोमट पाणी पुरतं. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लाल झालं, ठणकायला लागलं, तेव्हा मला हायसं वाटलं. पांढरेपणा गेला नसता, तर दवाखाना गाठावा लागला असता.

आपण सगळ्यालाच ‘गॅस’ म्हणतो, घोटाळा तिथे होतो. तुर्भ्याला एपीएमसीच्या, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजाराच्या बाजूला शीतगृहं आहेत. मोठ्या शीतगृहांत आणि बर्फाच्या कारखान्यांत बहुधा अमोनिया असतो. त्याचं वागणं एसीतल्या गॅसच्या अगदी उलट. तो हवेत दहा लाखात पाच-दहा भाग असला तरी नाकाला झोंबतो आणि ३०० भागांना जिवाला धोका मानला जातो. हवेपेक्षा हलका, तरी गळतीच्या वेळी थंडगार धुकं होऊन जमिनीलगत सरपटत येतो. म्हणून पळायचं ते झेंडा, धूर, झाडाची पानं बघून, वाऱ्याला आडवं आणि मग वारा येतो त्या दिशेला. तोंडावर ओला रुमाल धरला तर थोडी मदत होते, कारण अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो.

पण याच पाण्याने घात होतो. सांडलेल्या द्रव अमोनियावर पाइप सोडला, तर उणे ३३ अंशांवर उकळणाऱ्या त्या थारोळ्याला नळाचं पाणी म्हणजे चुलीवरचा जाळ. ढग आणखी वेगाने उठतो. अग्निशमन दल फवारा मारतं तो ढगावर, थारोळ्यावर नाही. डोळ्यांत गेला असेल तर मात्र लगेच, पापण्या उघड्या धरून, किमान १५ मिनिटं पाणी ओतत राहायचं. कपडे कातडीला चिकटले असतील तर आधी भरपूर पाणी, मग कपडे. खोकला थांबला म्हणून घरी पाठवू नये, फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरू शकतं. फोन १०१ किंवा ११२.

याच त्रासाला कंटाळून फ्रिजसाठी बिनविषारी गॅस शोधला गेला. अमेरिकी रसायनतज्ज्ञ थॉमस मिजलीने १९३० साली तो सभेत छातीभर घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली! टाळ्या मिळाल्या. पण अशा गॅसने वातावरणातला ओझोनचा थर विरळ होतो, त्याचं बिल नंतर आलं, १९८७ च्या माँट्रियल कराराने.

एसीतले गॅस त्याच घराण्यातले. विषारी नाहीत असं म्हणताना एक विसरतं: त्यांना जवळजवळ वास नाही आणि ते हवेपेक्षा जड आहेत. बंद मशीनरूममध्ये ते खाली साचतात, ऑक्सिजनची जागा घेतात आणि पहिल्या माणसाला ओढायला धावलेला दुसराही तिथेच आडवा होतो. ज्वाळेशी आले की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू निघतो, म्हणून गॅस काढल्याशिवाय ब्रेझिंगचा, म्हणजे नळ्या जोडायचा टॉर्च पेटवू नये.

घरातला धोका आणखी साधा आहे. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, सिलिंडरच्या गॅसचा भाऊबंद, फक्त वास मिसळलेला नसतो. फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडताना नळी फुटली, तर बटणाला हात लावू नका, खिडक्या उघडा, शेगडी बंद ठेवा.

यांतले काही गॅस, विशेषतः फ्लोरीनवाले, जास्त हुंगले गेले तर घाबरताना, धावताना शरीरात वाढणाऱ्या अॅड्रिनॅलिनला हृदय भलतंच हळवं होतं. म्हणून रुग्णाला शांत बसवायचं, जिने चढू द्यायचे नाहीत आणि डॉक्टरांना गॅसचं नाव सांगायचं, कारण अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन ते विचार करूनच देतील. नाव युनिटच्या पाटीवर असतं. आमची पाटी ग्रिलच्या पलीकडच्या बाजूला आहे, वाचायला आरसा लागतो. त्या दिवशी मेकॅनिकने डाव्या हाताने तिचा फोटो काढून दिला.